आक्काचा डावा कौल

आक्का, तुझी म्हैस मला जवळ येऊ देत नाही. सकाळी चरवी घेऊन गोठ्यात शिरलो की ती कान ताठ करते, मान वळवून माझ्याकडे बघते आणि खुंट्याभोवती गोल फिरायला लागते. लाथा खाऊन झाल्यावर शेजारच्या सगुणाकाकूंनी तोड सांगितली. तुझं हिरवं लुगडं डोक्यावरून पांघरून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. तेव्हापासून भोरच्या कचेरीत कोट-टोपी घालून बसणारा तुझा भाऊ रोज सकाळी तुझं लुगडं पांघरून धारेला बसतो. वाडीतल्या बायका पाण्याला जाताना मुद्दाम आपल्या गोठ्यावरून जातात आणि पदर तोंडाला लावतात. म्हैस तरीही अर्धा पान्हा चोरते. मला वाटतं, तिला सगळं कळलेलं आहे, फक्त लुगड्याचा मान ठेवते.

हे सगळं तुझ्यामुळे. तू माझं ऐकून वेळेवर भोरला आली असतीस, तर ही म्हैस केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली असती आणि मी आज असा रजा वाढवून घेऊन, तोरण्याच्या पायथ्याशी, गळक्या ओटीवर बसून तुझ्याशी भांडत नसतो. तेरावं झालं. पाहुणे गेले. यमुनेला मुलांसाठी भोरला परत धाडलं. घरात आता मी, म्हैस आणि पाऊस. म्हटलं, निवांत बोलून घ्यावं. आता तरी माझं बोलणं अर्धवट सोडून तू चुलीकडे उठून जाणार नाहीस.

आधी तुझ्या जाण्याचंच घेतो, कारण तो राग सगळ्यात ताजा आहे. तुला ताप भरला. सगुणाकाकू म्हणाल्या, बापूला निरोप धाडू. तर तू म्हणालीस, "नगं, त्याला रजा मिळत न्हाई." अगं, रजा मिळत नाही हे मी लावणीच्या वेळी सांगायचो. चिखलात उतरायचं माझ्या जिवावर यायचं म्हणून सांगायचो, आणि ते तुलाही पक्कं ठाऊक होतं. नको तिथे माझा शब्द खरा मानलास.

निरोप निघाला तो तुझी शुद्ध गेल्यावर. सगुणाकाकूंचा दीर नसरापूरपर्यंत चालत आला, तिथून मोटारीनं भोरला. मी तसाच उठलो. मोटारीनं नसरापूरला सोडलं, आणि पुढे वेल्ह्याच्या वाटेवर नदीला हे पाणी! गाडीवान म्हणाला, "दादा, म्या बैल घालत न्हाई. तुमी पायजे तर पोहत जावा." अलीकडच्या गावात मुक्काम पडला. वाडीत पोचलो तेव्हा लोक सावडायला निघाले होते. तुला कुणासाठी थांबायची सवय नव्हतीच. बाजाराला निघताना मी चपला शोधेपर्यंत तू ओढा ओलांडलेला असायचा, आणि पलीकडून ओरडायचीस, "आरं, ये की!" या वेळी ओरडलीही नाहीस.

आपलं मूळ भांडण एकच. ते इतकी वर्षं चाललं, आणि ते काय होतं हे मला आता, गेल्या आठवड्यात कळलं. म्हणून ते पहिल्यापासून मांडतो.

मानमोडीच्या तापाच्या साथीत आई आणि बाप पाठोपाठ गेले. तू विधवा होतीस, सासरी होतीस. सासरची माणसं वाईट नव्हती, असं तूच सांगायचीस. पण वाडीत मी एकटा उरलो म्हटल्यावर तू तिकडचं सोडून आलीस, ती कायमची. मला वाढवलंस, वेल्ह्याला शाळेत घातलंस, पुढे भोरला शिकायला ठेवलंस. हे साऱ्या वाडीला माहीत आहे, आणि ते बोललेलं तुला खपत नाही, म्हणून इथेच थांबतो. मला कचेरीत नोकरी लागली, यमुना घरात आली, राजवाड्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलीस ती तू. आता आक्का आपल्याकडे. आता तिनं चिखलात उतरायचं नाही, डोक्यावरून गवताचे भारे आणायचे नाहीत, पावसाळाभर धुरात एकटीनं बसायचं नाही. माझ्या घरात तू बसलेली मला बघायची होती. एवढंच हवं होतं मला.

तू नाही म्हणाली असतीस तर गोष्ट वेगळी होती. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. पहिल्याच वर्षी, चैत्रात, देवीच्या जत्रेला मी आलो आणि विषय काढला, तर तुझा चेहरा कसा फुलला! "येते की रं. का न्हाई येनार? निस्तं आईला इचारते आन् येते." आई म्हणजे आपल्या वाडीची जननी, टेकाडावरच्या देवळातली. आपल्याकडे पोरीचं स्थळ असो, विहिरीची जागा असो, नाही तर घर सोडून जायचं असो, कौल लावल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव भिजवलेल्या तांदळाचा एकेक दाणा देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो. उजव्या खांद्याचा दाणा आधी गळला तर होकार, डाव्याचा गळला तर नकार. आत थांबायचं ते विचारणाऱ्यानं आणि गुरवानं. बाकीच्यांनी बाहेर.

मी बाहेर पायरीवर बसलो. तू आदल्या दिवशीच गाठोडं बांधून ठेवलं होतंस, आणि म्हैस सगुणाकाकूंच्या दावणीला बांधायचं ठरवलंही होतंस. आतून धोंडू गुरवाची घंटा वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. तू बाहेर आलीस, कपाळाला अंगारा, आणि मान हलवलीस. "डावा दिला बग आईनं. आता काय करावं?" आवाजात इतकं वाईट वाटणं होतं की मीच तुझी समजूत घातली. म्हटलं, "जाऊ दे आक्का, पुढच्या वर्षी." तू म्हणालीस, "व्हय, पुढल्या वरसाला नक्की." आणि घरी येऊन गाठोडं सोडलंस.

पुढच्या वर्षी डावा. त्याच्या पुढच्या वर्षी डावा. दर चैत्रात मी भोरहून उत्साहानं यायचो, दर चैत्रात तू गाठोडं बांधायचीस, आणि दर चैत्रात ती देवी माझ्या तोंडावर दार लावायची.

मी देवीवर चिडलो, आक्का. खरंच चिडलो. मी काही नास्तिक नाही. भोरला राजवाड्यातल्या रामनवमीच्या उत्सवाला रांगेत उभं राहणारा माणूस आहे मी. पण आपल्या जननीसमोर हात जोडायचं मी बंद केलं. जत्रेला यायचो, पण देवळाच्या पायरीवर बसायचो, तोंड मुद्दाम ओढ्याकडे करून. यमुना देवीसाठी खण द्यायची तो तुझ्याच हातात ठेवायचो, "तुझ्या मैत्रिणीला दे" म्हणून. तू म्हणायचीस, "आसं बोलू न्हाई रं, तिला लागतं." मी म्हणायचो, "लागू दे. मला नाही लागत?" तू खाली मान घालून पदराचा काठ चाचपत बसायचीस. तेव्हा मला वाटायचं, देवीची निंदा तुला सहन होत नाही.

मधल्या काळात तू भोरला आलीस ती एकदाच, थोरल्याच्या बारशाला. तेवढ्यात माझी जी अब्रू गेली ती अजून परत आलेली नाही. सकाळी उठून तू उंबऱ्यावर जाऊन बसलीस आणि आळीतून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागलीस, "का वं, कुठं निघालात?" वाडीत हे विचारावंच लागतं. न विचारता माणूस जाऊ दिला तर तो घरी जाऊन सांगेल, आक्काचं काहीतरी बिनसलंय. पण भोरच्या आळीत लोक दचकले. जोशीकाकू काहीतरी पुटपुटून भिंतीकडेनं निघून गेल्या. आणि मग आले आमचे शिरस्तेदार, घाईघाईनं, छत्री काखेत मारून. तू त्यांना अडवलंस.

"का वं दादा, इतक्या बिगीबिगी? घरात कुनी आजारी हाय का?"

शिरस्तेदार थांबले. आयुष्यात त्यांना कुणी असं अडवलं नव्हतं. म्हणाले, "नाही, कचेरीला चाललोय."

"ह्या वक्ताला?" तू उन्हाकडे बघून म्हणालीस. "बापू तर मगाच गेला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "तुमच्या भगिनींनी आमची हजेरी घेतली." सगळी कचेरी हसली. मी घरी येऊन तुझ्यावर आवाज चढवला की इथे असं कुणाला विचारायचं नसतं. तू बराच वेळ तांदूळ निवडत बसलीस. मग म्हणालीस, "बापू, हितं मानूस मेल्यावर तरी इचारत्यात का रं?" मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस. संध्याकाळी तुला नदीच्या घाटावर नेलं, रोहिडा दाखवला, म्हटलं, हा बघ तुला डोंगर, आता काय म्हणणं आहे? तू हात कपाळावर धरून नीट बघितलंस आणि म्हणालीस, "चांगला हाय. पर ह्यो तुमचा." बारसं आटोपलं आणि तू पहिल्या मोटारीनं गेलीस. जाताना यमुनेला सांगितलंस, शेणी विकत घ्यायचं आधी बंद कर, नाही तर घर बुडेल.

आता बघ, तेव्हा मला सगळं समजायला हवं होतं ना? कुणालाही समजलं असतं. पण माझ्या डोक्यात कौल बसलेला. मला वाटायचं, आक्का यायला तयारच आहे, बारशाला आली की नाही हौसेनं! अडवते आहे ती देवी. म्हणून एका वर्षी मी ठरवलं की आता देवीचाच बंदोबस्त करायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी धोंडू गुरवाला वडाखाली गाठलं. त्याला विडी दिली, पिकापाण्याची चौकशी केली, आणि मग हळूच म्हटलं, "धोंडू, उद्या आक्काचा कौल आहे. उजवीकडचा दाणा जरा कमी भिजव. काय?"

धोंडूनं विडी पेटवायची थांबवली. माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, आता हा साऱ्या वाडीला हाका मारून गोळा करतो. "दादा," तो म्हणाला, "उजव्याची काळजी तुमी करू नका." आणि विडी कानाला अडकवून निघून गेला. मी समजलो, माणूस सचोटीचा आहे. मनात म्हटलं, देवी कडक आणि तिचा पुजारी त्याहून कडक. दुसऱ्या दिवशी तू बाहेर आलीस, आणि "डावा!"

मी तिथेच पायरीवर हात टेकले.

दर वर्षी भांडण तेच असायचं, तरी आपलं भांडण कधी झालंच नाही, हे मला आता या ओटीवर बसल्यावर लक्षात येतं. मी देवीला शिव्या घालत टेकाड उतरायचो, तू मागून "हळू, घसरशील" म्हणत यायचीस. घरी आल्यावर तू नाचणीची भाकरी थापायचीस, वर लसणाची चटणी, आणि मी भाकरीबरोबर देवीचा उद्धार करत पोटभर जेवायचो. तू हसायचीस. "आता बास कर, तिनं ऐकलं तर पुढल्या वरसालाबी डावा देईल." मग मीही हसायचो. भोरला परत जाताना माझा राग उतरलेला असायचा, आणि पिशवीत तुझे तांदूळ भरलेले असायचे.

ते तांदूळ हाही एक चीड येण्याचाच विषय. मी तुला पोसायला नेणार, आणि माझ्या घरात भात शिजणार तो तुझा! लढाई सुरू झाली, भोरला बाजारात धान्य मिळेना, रॉकेलसाठी माणसं बाटल्या घेऊन उभी राहायला लागली, तेव्हा तर यमुना सरळ म्हणाली, "वन्संना इथे आणून आपण खायचं काय?" ती थट्टेनं म्हणाली, पण मला ते झोंबलं. त्या वर्षी मी तुझ्याशी जोरात बोललो. म्हटलं, "अगं, कशासाठी राबतेस? त्या खाचरांचं तुझ्यावाचून काय अडलंय?"

तू म्हणालीस, "येऊन बग की इर्जिकीला." मी आलो. मला वाटलं, म्हातारी झालेली बाई, कोण येणार तिच्या रानात? सकाळी बघतो तर वाडीतली सगळी औतं आपल्या बांधाशी उभी. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्याच्या घरात राबता गडी नाही, त्याचं शेत वाडीनं मिळून एका दिवसात नांगरून द्यायचं, त्यानं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं, ही आपल्याकडची रीत. तू चुलीवरची मोठी पातेली सांभाळत होतीस आणि बांधावरच्या गड्यांना नावानं हाका मारत होतीस. "आरं ए, त्यो कोपरा राहिला! बैलाला पानी दाव आधी!" मोठमोठे मिशाळ गडी "व्हय आक्का, व्हय आक्का" करत होते. मला कुणी विचारलंही नाही. मी एका कडेला कोट सावरत उभा. एकानं येऊन म्हटलं, "पाव्हणं, जरा सरकता का, औत वळवायचंय." माझ्याच बापाच्या रानात मी पाहुणा! मी रागानं घरात येऊन बसलो. तेव्हासुद्धा मला उमगलं नाही, आक्का. मी मनात म्हटलं, एवढी लोकांना हवी असलेली बाई भोरला आणली तर आमच्या आळीलाही शिस्त लागेल.

आणि ते श्रावणातलं पाणी! त्यावरून मी तुला जितकं बोललो तितकं कशावरूनच बोललो नसेन. श्रावणभर रोज सकाळी ओढ्यावरून घागर भरून टेकाडावर चढायची आणि देवीच्या पायावर घालायची. वाट निसरडी, शेवाळलेली, वरून पाऊस कोसळतोय, तुझे गुडघे सुजलेले. मी म्हणायचो, "देवीला पाण्याची एवढी चणचण आहे का? आभाळातून पडतंय ते काय कमी आहे?"

"ते आभाळाचं. ह्ये माझं."

"पण कशासाठी?"

"तुझ्यासाठी नवस बोलले हुते. फेडायला नगं?"

एका श्रावणात तू घसरलीस, हात लचकला, तरी दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं घागर धरून वर गेलीस. मी देवीवर आणखी चिडलो. मला नेऊ देत नाही ती नाहीच, वर पाणीही भरून घेते.

आता गेल्या आठवड्याचं सांगतो. तेरावं झालं, सुतक फिटलं, आणि संध्याकाळी धोंडू गुरव ओटीवर येऊन बसला. मुंडासं सोडून परत बांधलं, परत सोडलं. मी म्हटलं, "बोल की."

"दादा, आक्कांचं पानी अर्धं राहिलं. श्रावन अजून हाय."

"नवस तिचा होता. ती गेली, नवस संपला."

"नवस न्हवं त्यो." धोंडू म्हणाला. "दंड हाय. उजवा मोडल्याचा."

मला काही कळेना. "कुठला उजवा?"

"तुमच्यासंगं भोरला जायाचा. आईनं दर वरसाला उजवाच दिला, दादा. येकदाबी डावा न्हाई दिला. आक्काच म्हनायच्या, म्या जानार न्हाई, काय दंड आसंल त्यो सांग. म्या पानी सांगितलं. त्यास्नी वाटलं हुतं कोंबडं सांगीन."

तो आपला सांगत राहिला. "येकदा तर दाना लई येळ पडंना. आक्का म्हनल्या, बग धोंडू, आईचंबी मन हुईना मला धाडायला. आन् तेवढ्यात पडला. उजवाच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? वडाखाली विचारलं तेव्हाही नाही?"

"कौल इचारनाऱ्याचा आसतो. म्या निस्ता दाना लावतो."

आक्का, मी त्या गरीब माणसावर ओरडलो. मग तू नव्हतीस म्हणून घरावर ओरडलो. अंगणात पावसात उभा राहून मी तुला काय काय बोललो ते सगुणाकाकूंनी सगळं ऐकलं असणार, कारण त्या रात्री त्यांनी भाकरी आणून ठेवली आणि न बोलता गेल्या. गाठोडं बांधायचीस! दर वर्षी गाठोडं बांधायचीस! म्हैस बांधायची जागा ठरवायचीस! बाहेर येऊन मान हलवायचीस आणि माझ्याकडून समजूत घालून घ्यायचीस! एवढं नाटक तुला कुणी शिकवलं? साधं खोटं बोलताना कान लाल व्हायचे तुझे. आणि मी त्या देवीला काय काय म्हणालो. तिनं दर वर्षी तुला माझ्या ओटीत घातलं होतं, आणि मी तिच्या दारात पाठ फिरवून बसलो. तूच मला बसू दिलंस. "तिला लागतं" म्हणायचीस! लागत असणारच.

राग उतरला की मग दुसरंच काहीतरी होतं, ते मी यमुनेलाही सांगू शकलो नाही. तू इथे राहण्यासाठी दर श्रावणात किंमत मोजत होतीस. सुजलेल्या गुडघ्यांनी, त्या वाटेवरून. तुझ्या घरात तुझं तू राहायचं, आणि त्याचा दंड भरायचा. आणि मी ओटीवर बसून विचारत होतो की आभाळाचं पाणी कमी आहे का.

दुसऱ्या दिवशी मी घागर उचलली. तुझ्यासाठी नव्हे, असं मी मोठ्यानं म्हटलं सुद्धा. हिशेब अर्धा ठेवायचा नाही म्हणून. कोट काढून ठेवला, धोतर खोचलं, ओढ्यावर गेलो. घागर डोक्यावर घेता येईना, म्हणून खांद्यावर घेतली. पहिल्या वळणाला निम्मं पाणी माझ्याच अंगावर. शेवाळावरून पाय सटकला, गुडघा फुटला. मी तिथेच बसून तुझ्या नावानं शंख केला. खालून बायका ओरडत होत्या, "दादा, उजव्या अंगानं चढा, आक्का तितनंच चढायच्या!" सगळ्या वाडीला तुझी वाट पाठ होती. मग रोज जायला लागलो. घागर देवळाच्या उंबऱ्याशी ठेवायचो, आत नेऊन पाणी घालायचा तो धोंडू. पाणी कमी सांडायला लागलं. चढताना मी तुझ्याशी भांडायचो, उतरताना गप्प असायचो.

आज श्रावण संपला. शेवटची घागर घेऊन गेलो. धोंडूनं दार उघडून ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा आत गेलो. देवी किती लहान आहे गं. मला ती फार मोठी वाटत होती. पाणी घातलं, डोकं टेकवलं, आणि म्हटलं, "आई, चुकी तुझी नव्हती." एवढंच सुचलं.

धोंडू समई पुसत होता. मी भिंतीला टेकून बसलो. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. "धोंडू, तिनं मला सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बापू, मला यायचं नाही. एवढंच. मी काय तिचा वैरी होतो?"

"तुमी ऐकलं आसतं व्हय?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. मग म्हटलं, "नाही. गाडी आणली असती आणि तिला बसवून नेलं असतं. तिच्या भल्यासाठी."

"आन् त्या गेल्या आसत्या," धोंडू म्हणाला. "म्याबी इचारलं हुतं त्यास्नी. म्हनलं, आक्का, दर वरसाला आईचा उजवा मोडता, पाप घेता. त्यापरीस भावालाच येकदा न्हाई म्हना की. तर म्हनल्या, आईला न्हाई म्हनता येतं रं धोंडू, ती दंड घेती आन् इसरून जाती. बापूला न्हाई म्हनाया माझी जीभ रेटत न्हाई."

आक्का, एकदा म्हणून तरी बघायचं होतंस.